तीन घंट्यांचं दार

आमच्या समोरच्या दाराला तीन घंट्या आहेत. घर एक, माणसं दोन आणि घंट्या तीन. एक लाल, एक पांढरी, एक काळी. चुकीची घंटी दाबलीत तर दार उघडत नाही. तुम्ही सख्खे भाऊ असा, नाहीतर आग विझवायला आलेले असा.

हे दार गफूर सरांचं. सर इथेच भिवंडीत कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. नोकरी संपली, शिकवणं संपलं नाही. पूर्वी समोर पोरं असायची, पळून जायची. आता समोर मी असते आणि माझे गुडघे दुखतात.

मी मूळची अंजूरची. चौथीपर्यंत शिकले. आमच्या शेतावर आता गोडाऊन उभं आहे आणि मी इथे दुसऱ्या मजल्यावर राहते. लेक त्याच गोडाऊनमध्ये ड्युटीवर जातो, सून शिवणकाम शिकवायला जाते. खाली यंत्रमाग खटखटत असतात. दिवसभर मी आणि समोरचं दार.

तर घंट्या. लाल घंटी पाहुण्यांची. ती आत स्वयंपाकघरात वाजते, चिमणीसारखी. ती वाजली की सरांची बायको झुबेदा काही न विचारता चहाचं आधण ठेवते. एका घंटीला दोन कप, असा सरांचा नियम. पांढरी घंटी दूधवाला, भाजीवाला, गॅसवाला यांची. ती बाहेरच्या खोलीत वाजते आणि सर स्वतः पातेलं नाहीतर पिशवी घेऊन येतात. एकदा नवा दूधवाला आला आणि त्यानं लाल दाबली. आत चहा उकळला, बाहेर दूध तापलं. सर दाराआडून म्हणाले, "चुकीचा संदेश. परत प्रयत्न करा."

"सरजी, दूध फट जाएगा!"

"सफेदवाली दबाओ."

"अरे, सामने तो खडा हूँ मैं!"

"खडे रहने से कुछ नहीं होता. दबाना पडता है."

त्यानं पांढरी दाबली. दार उघडलं. सर त्याला म्हणाले, "दस में से तीन." हीसुद्धा त्यांची एक खोड. सगळ्यांना दहापैकी गुण देतात. माझ्या कोलंबीच्या खिचडीला साडेआठ मिळाले होते. अर्धा का कापला विचारलं, तर म्हणाले, "पैकीच्या पैकी दिले की विद्यार्थी बिघडतो."

काळी घंटी बिल्डिंगच्या चेअरमनसाठी. चेअरमन कायम पाण्याच्या टाकीचं नाहीतर पार्किंगचं भांडण घेऊन यायचे. सरांनी त्यांना सांगितलं, "तुमचा विषय महत्त्वाचा, तुमच्यासाठी वेगळी घंटी." चेअरमन खूश. वर्षभर काळी घंटी दाबून परत गेले. वायरमन आला होता तेव्हा मी बघितलं होतं, काळीला तारच जोडलेली नाही.

मी सरांना म्हटलं, "तार न्हाय तर लावली कशाला?"

"काही पेशींवर अशाही असतात, हिराबाई. निरोप्याला धरून ठेवायचं आणि आत काही कळवायचं नाही. निसर्गात सोय आहे."

चेअरमनचा बंदोबस्त निसर्गात असतो हे मला तेव्हा कळलं.

पेशी हा सरांचा जीव की प्राण. आपलं अंग म्हणजे अशा बारीक बारीक घरांची वस्ती, असं ते सांगतात. प्रत्येक घराला भिंत, भिंतीवर घंट्या. रक्तातून निरोप्या येतो. त्याला इंग्रजीत काहीतरी फॅक्टर म्हणतात, मी निरोप्याच म्हणते. तो म्हणतो, वाढा. पण आत जात नाही. दारातूनच घंटी दाबतो आणि घंटीचा निरोप आत एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

"शेटला कापडाची ऑर्डर आली की शेट स्वतः माग चालवतो का?" सर विचारायचे.

"शेटला धोतर न्हाय नेसता येत, माग काय चालवंल?"

"बरोबर. शेट मेहताजीला सांगतो, मेहताजी मुकादमाला, मुकादम कारागिराला. मग सूत जास्त लागतं, वीज जास्त लागते, शिफ्ट वाढते. पेशीतही तेच. घंटी वाजली की साखरेची दारं उघडतात. साखर आत येते. थोडी जाळायला, थोडी नवीन बांधकामाला. म्हणजे काय झालं? घंटी वाजली बाहेर आणि बदल झाला कुठे?"

"चुलीत."

"शाब्बास! मुद्दा दाराचा नाही, हिराबाई. मुद्दा चुलीचा आहे."

हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की सुनेशी भांडतानासुद्धा माझ्या तोंडून निघून गेलं. सून गप्प बसली. तिला वाटलं मी तिच्या स्वयंपाकाबद्दल बोलते आहे. मी तसंच राहू दिलं.

झुबेदा पडघ्याची. माझ्यासारखीच चौथी शिकलेली. सर शिकवायला लागले की ती मला डोळा मारायची आणि कांदा चिरत राहायची. ती सरांना मास्तर म्हणते. "मास्तर, पेशी राहू दे, पिशवी घेऊन जा, आलं संपलंय." चहा मात्र असा करते की चांगल्या माणसालाही खोटं बोलायला लावेल. मीसुद्धा गच्चीवर सुकट वाळत घालायला जाताना लाल घंटी दाबून पुढे जायची. सुकट पसरून खाली येईपर्यंत चहा तयार.

"घंटी वाजली, पण दारात कोणी नव्हतं," सर संशयानं बघत म्हणायचे.

"निरोप्या असंल," मी म्हणायची आणि कप उचलायची.

एकदा तर कमाल झाली. झुबेदाच्या भाचीला बघायला पाहुणे येणार होते. त्यांना आणायला सर खाली रस्त्यावर जाऊन उभे राहिले. झुबेदा आत. नेमका त्या दिवशी जिन्याला रंग चालला होता. रंगाऱ्याचा ब्रश लाल घंटीवर फिरला आणि बटण आतल्या आत चिकटून बसलं. चिमणी ओरडायला लागली ती थांबेचना. झुबेदाला वाटलं, पाहुण्यांची रांग लागली. एका घंटीला दोन कप. ती आधण वाढवत गेली. पातेलं भरलं, मग मोठं पातेलं काढलं, मग बिर्याणीचा टोप. साखरेचा डबा संपला, तशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझ्याकडे साखर मागितली. तिची खिडकी आणि माझी खिडकी समोरासमोर, हात लांब केला की डबा पोचतो. मी दिली. माझीही संपली.

पाहुणे आले तेव्हा ते होते पाच. चहा होता गावजेवणाचा. मग रंगारी प्याले, खालच्या मागावरचे कारागीर प्याले, चेअरमनही प्याले. पाहुण्यांना वाटलं घर दिलदार आहे, लग्न तिथल्या तिथे ठरलं.

सर चिडले नाहीत. उलट त्यांचा चेहरा ईदचा चंद्र दिसल्यासारखा झाला. जिन्यात उभं राहून त्यांनी सगळ्यांना समजावलं, "बघा, निरोप्या नाही, पाहुणा नाही, तरी घंटी चालू. आणि आत चूल साखर ओढतेच आहे, ओढतेच आहे! पेशीतही होतो तो हाच बिघाड!" रंगारी टोपातला तिसरा ग्लास भरत म्हणाला, "बहुत अच्छा बिघाड है, सर." त्याला दहापैकी नऊ मिळाले.

ही गोष्ट सरांनी पुढे वर्षभर सगळ्यांना सांगितली. मग एकदम सांगायची बंद केली.

कारण नंतर कळलं. झुबेदाच्या छातीत गाठ निघाली होती. मला तिनंच सांगितलं, भाजी निवडता निवडता. इथल्या डॉक्टरनं सुई घालून तुकडा तपासायला पाठवला. निकाल आला, सर म्हणाले, साधी गाठ आहे. ती म्हणाली, साधी असो नाहीतर बनारसी, मी परत दवाखान्याची पायरी चढणार नाही. आणि विषय संपला, असं मला वाटलं.

त्यानंतर सर रोज दुपारी माझ्याकडे यायला लागले. हा माणूस कधी कोणाच्या घरी जात नाही, लोकांनी याच्याकडे यायचं आणि बरोबर घंटी दाबायची. तो माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसायला लागला. मी कोलंबी सोलायची आणि ते शिकवायचे. तीच घरं, त्याच घंट्या. पण शिकवणं बदललं होतं. आवाज हळू. गुण नाहीत. सारखं एकच, "समजलं? नक्की? कुठे अडलं?"

"समजा, एखाद्या घरावर एक घंटी असायच्या ऐवजी शेकडो झाल्या," ते म्हणाले. "आणि कोणी न दाबता वाजायला लागल्या. मग आत काय होईल?"

"हळदीसारखं व्हईल," मी म्हटलं. आमच्या आगऱ्यांची हळद तुम्ही बघितली नसेल तर बघा. "लगीन लागलं, नवरानवरी घरी गेली, तरी बेंजो वाजतंच ऱ्हायला. मग आचाऱ्याला काय कळणार? तो आपला भात टाकतंय नि टाकतंय."

एरवी त्यांनी सात तरी दिले असते. आता नुसती मान हलवली. "आणि हे ऐकून भीती वाटते का, हिराबाई?"

"भाताची?"

"बेंजोची."

"बंद करता येतंय का न्हाय, त्याच्यावर हाय."

"येतंय!" सर पाटावरून अर्धे उठले. "तेच तर! अशी गाठ जोरात वाढते, पण तिच्यावर घंट्या आहेत म्हणूनच औषधाला चिकटायला जागा आहे. औषध जाऊन घंटीवर बसतं. घंटी दबत नाही. चूल मंद होते. मुंबईला जायचं, सुईतून घ्यायचं, काही आठवड्यांनी परत. सोबत दुसरीही औषधं."

"त्यापरीस साखरच बंद करावी. डबाच रिकामा ठेवला तं चूल काय जाळंल?"

"नाही हो. तुम्ही डबा रिकामा ठेवला तर ती शेजाऱ्याच्या खिडकीतून मागून घेईल. आठवतं ना? साखरेच्या मागे लागून उपयोग नाही. घंटी बंद करायची."

हे असं आठ-दहा दिवस चाललं. मी वेगवेगळे मूर्खासारखे प्रश्न विचारायची आणि सर प्रत्येकाचं उत्तर शोधून दुसऱ्या दिवशी यायचे. केस जातात का? जातात, परत येतात. दुखतं का? थोडं. माणूस वाचतं का? यावर सर म्हणाले, "पुष्कळ वाचतात. सगळ्यांचं सांगता येत नाही."

मी अडाणी आहे, बिनडोक नाही. कोलंबीची परात बाजूला सारली.

"सर, माझी शिकवणी फार झाली. ही गाठ झुबेदाची ना?"

सरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. "डॉक्टर म्हणाले लवकर सुरू करा. ती म्हणते जाणार नाही. आणि मला तिला सांगता येत नाही."

"चाळीस वर्सं शिकवलंत नि सांगता येत न्हाय?"

"तिच्यासमोर तोंड उघडलं की सगळं विसरतो. म्हणून आधी तुमच्यावर... म्हणजे तुमच्याबरोबर सराव केला. तुम्हीही चौथी, तीही चौथी. तुम्हाला समजलं तर तिला समजेल. तुम्ही घाबरला नाहीत तर तीही घाबरणार नाही, असं वाटलं."

"म्हंजे मी तुमच्या कॉलेजातला उंदीर!"

"उंदीर इतके प्रश्न विचारत नाही, हिराबाई."

मला राग आला होता, पण हात कोलंबीचे होते. ते धुतले, पदराला पुसले आणि म्हटलं, "उठा. चला."

"आत्ता?"

"मग काय, चेअरमनची घंटी दाबून वाट बघू?"

मी लाल घंटी दाबली. चिमणी वाजली. आत आधण ठेवल्याचा आवाज आला. सर माझ्या मागे, परीक्षेला उशीर झालेल्या पोरासारखे. झुबेदानं चहा आणला, आम्हाला दिला, स्वतः समोर बसली.

"झुबेदा," सर म्हणाले, "समज, पेशी म्हणजे एक घर आहे."

"बरं."

"घराला दार असतं. म्हणजे खरं तर दार नसतं, पडदा असतो. दोन पदरी असतो. त्याच्यात चरबी असते..."

"कशात?"

"पडद्यात."

मी कपाळाला हात लावला. सर चरबीतून बाहेर येईनात. पडद्याचं सांगितलं, पडद्याचा शोध कसा लागला ते सांगितलं, चहावर साय धरली, तरी माणूस दारातच. शेवटी त्यांचा आवाजच बसला आणि ते कपाकडे बघत राहिले.

"अगं झुबेदा," मी म्हटलं, "तुझी गाठ साधी न्हाय. तिच्यावर घंट्याच घंट्या झाल्यात. त्या बंद करायला मुंबईला जाया पायजे. जातेस का न्हाय ते बोल."

सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या हातातलं लेकरू खाली टाकलं.

 झुबेदानं सरांच्या कपातली साय बोटानं काढली. "मला म्हाईत आहे."

"कसं?" सर म्हणाले.

"हिराबायची खिडकी कुठे आणि माझी कुठे? आठ दिवस तुम्ही तिकडे शिकवताय, मी इकडे लसूण सोलत ऐकतेय. घंट्या ऐकल्या, बेंजो ऐकला, केस जाऊन परत येतात तेही ऐकलं." ती माझ्याकडे वळली. "दुखतं का, ते बरं विचारलंस. मला तेच विचारायचं होतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"वाट बघत होते. मास्तर शेजारणीला सांगतायत, मला कधी सांगतायत." मग सरांना म्हणाली, "आणि आज सांगितलंत तर काय? पडद्यात चरबी असते. दहापैकी दोन."

सर हसले नाहीत. त्यांची हनुवटी हलायला लागली होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. ते बंद होतं, तरी बघत राहिले.

"जाशील?" त्यांनी विचारलं.

"न जाण्याचं कारण सुईचं भय नव्हतं," झुबेदा म्हणाली. "मी तिकडे पडले की इकडे काय? तुम्हाला गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरतं ते ठाऊक नाही. आणि घरी आले तरी ती चिमणी आहेच. अंगात त्राण नसलं तरी ती वाजली की हे पाय उठणार. डोकं नको म्हणेल तरी पाय उठणार. इतक्या वर्षांची सवय आहे."

 खाली माग खटखटत होते.

"मी जाते," ती म्हणाली. "पण एक अट. माझ्या गाठीच्या घंट्या बंद करायच्या, तर ह्या घराचीही बंद करायची."

"लाल?" सर म्हणाले.

"लाल."

मला वाटलं आता वाद होणार. घंट्या म्हणजे सरांचा संसार. सर उठले, आत गेले, खुडबुड ऐकू आली. आतूनच त्यांनी विचारलं, "चिकटपट्टी कुठे असते?"

"बघितलंस?" झुबेदा मला म्हणाली. "हे असं आहे."

दोघं मुंबईला जायला लागली. पहिल्या सुईनंतर मी तिला लगेच भेटायला गेले नाही. आजारी माणसाच्या घरी गर्दी करून लोक काय मिळवतात मला कळत नाही. दुसऱ्या सुईनंतर मात्र दुपारी उठले, वाटीत थोडी खिचडी घेतली आणि समोर गेले.

तिन्ही घंट्यांवर पट्ट्या होत्या. लालवर दोन, एकीवर एक आडव्या-उभ्या. काळीवरसुद्धा एक. माझा हात सवयीनं लालकडे गेला आणि तसाच राहिला. दार वाजवावं की नको, वाटी खाली ठेवून जावं की काय, असा विचार करते तोच दार आपोआप उघडलं. आवाज न करता. कडीला तेल लावलेलं होतं.

दारात सर. त्यांच्या मागे, दाराला अगदी लागून, एक स्टूल. स्टुलावर उशी. उशी मधोमध दबलेली. स्टुलाखाली पाण्याची बाटली आणि चष्म्याचं घर.

"हितंच बसून असता?" मी हळू आवाजात विचारलं.

"कोणी वाजवू नये म्हणून," सर कुजबुजले. "पावलं ओळखता येतात आता. दूधवाला दोन पायऱ्या एकदम चढतो. तुमची डावी चप्पल घासते."

"आणि काळीवर पट्टी कशाला? तिला तं तारच न्हाय."

"असू दे. चेअरमनचा काय भरवसा."

त्यांनी मला दारातच थांबवलं आणि आतून कप आणून हातात दिला. चहा त्यांनी केला होता. रंग विटेच्या पाण्याचा, आलं सालासकट, साखर तळाशी तशीच बसलेली. तोंडाकडे बघत उभे राहिले. हा माणूस आयुष्यभर सगळ्यांना गुण देत आला, आणि आता गुणांची वाट बघत होता.

"चार," मी म्हटलं. खरं तर अडीच.

तेवढ्यात आतून झुबेदाचा आवाज आला, झोपेतला, बारीक. "मास्तर... कोण आलंय?"

सरांनी माझ्या हातातली खिचडीची वाटी घेतली, माझ्याकडे सरळ बघितलं आणि आत मान वळवून म्हणाले, "कोणी नाही. तू झोप."

माझ्या तोंडावर. मी उरलेला चहा उभ्यानं संपवला, कप त्यांच्या हातात दिला आणि डावी चप्पल हातात घेऊन घरी आले.